पातळ पुस्तकांची बाजू

डिसेंबर आला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'शांतता! पुणेकर वाचत आहेत' या वाचन उपक्रमाचे फोटो येतात. खाली मामाची ठरलेली ओळ: 'एक दिवस ठीक आहे, एरवी वाचतंय कोण?' मग दोन दिवस तीच चर्चा. मोबाइलने वाट लावली, अभिजात दर्जा मिळून काय उपयोग, आईबापच वाचत नाहीत तर पोरं काय वाचणार. मी फिनलंडमध्ये, हेलसिंकीशेजारच्या एस्पोत बसून हे सगळं वाचतो आणि गप्प राहतो. न वाचणारा तो बाप मीच होतो.

आणि मला सबब नव्हती. ऑफिस चारला सुटतं. सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक नेणं इथे कायद्यानेच फुकट आहे, ते महिनाभर घरी ठेवता येतं. आमच्या वस्तीतल्या शाखेत कर्मचारी घरी गेल्यावरही दार बंद होत नाही; कार्ड दाखवायचं, चार आकडे दाबायचे, आत जायचं. याला 'ओमातोइमी' म्हणतात, म्हणजे आपलं आपण. हेलसिंकीत तर देशाच्या स्वातंत्र्याच्या शंभरीनिमित्त संसदेच्या समोरच ओदी नावाचं भलंथोरलं ग्रंथालय बांधलं, 2018 साली उघडलं. हे सगळं हाताशी असताना धाकटी जन्मली तेव्हापासून तीन वर्षं माझं एकही पुस्तक पूर्ण झालं नाही.

पुण्याहून येताना एक जाडजूड कादंबरी आणली होती. पान 112 वर बसच्या तिकिटाची खूण. पोरगी झोपली की साडेनऊला उघडायचो. एकच परिच्छेद चारदा. मग कळायचं की हा जो काका दारात उभा आहे तो कुणाचा काका, हेच विसरलोय. की पुन्हा पान 90. अशा तीन रात्री झाल्या की पुस्तक उशाशी आणि मोबाइल हातात. मोबाइल चोर आहे हे मान्य, पण तो उघड्या घरात शिरला होता.

सुटका झाली ती फिनिशच्या परीक्षेमुळे. वर्गातल्या बाईंनी सांगितलं, ग्रंथालयातून 'सेल्कोकिर्या' घ्या. म्हणजे सोप्या भाषेतलं पुस्तक. लहान मुलांचं नव्हे, मोठ्यांचंच: खून, घटस्फोट, कर्ज, सगळं. फक्त वाक्यं आखूड, माणसं मोजकी, पानंही कमी. भाषा शिकणारे, वाचायला त्रास होणारे, स्मृती उतरलेले, अशांसाठी ही वेगळी लिहिली जातात आणि शेल्फवर उघडपणे मांडलेली असतात. मोठीचा पोहण्याचा क्लास पाऊण तासाचा. क्लोरीनच्या वासात, चष्म्यावर वाफ धरलेली, मी बाकावर बसून 84 पानं चार मंगळवारांत संपवली. शेवटचं पान उलटलं तेव्हा ओल्या केसांची पोरगी समोर उभी होती आणि मला तिला ते दाखवावंसं वाटलं. दाखवलंही. तिने विचारलं, 'चित्रं कुठायत?'

तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे वेळ होता, आवडही होती. आड येत होता माज. कॉलेजात ज्या जाडीची पुस्तकं वाचायचो, तिथूनच पुन्हा सुरू करायचं होतं मला.

आपल्याकडच्या चर्चेतही हाच माज आहे असं मला वाटतं. डोंबिवलीच्या ताईला विचारलं, काय वाचतेस? 'छे रे, वाचन कसलं आता. दिवाळी अंक चाळते, एवढंच.' खोदून विचारलं तर कळलं, अंक मार्चपर्यंत पुरतात, लोकलमध्ये सीट मिळाली की एक कथा, नाही मिळाली की कविता. वर्षाला पाच अंक. हजारभर पानं झाली की! आणि ही बाई स्वतःला न वाचणाऱ्यांत धरते. 1909 साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दमलेल्या माणसाला पेलेल असं वाचन आपल्याकडे आहे. ते वाचनात मोजायचं मात्र आपण विसरलो.

इथलं सगळं आदर्श आहे असं मुळीच नाही. पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत फिनलंडच्या 15 वर्षांच्या मुलांचे वाचनाचे गुण 2000 साली 546 होते, 2022 ला 490. इथले मामाही फिनिशमध्ये तेच बोलतात, मोबाइलसकट. ग्रंथालयं ओसंडत असूनही.

त्यामुळे 'बघा, फिनलंडमध्ये कसं' असं मी ग्रुपवर कधी लिहिणार नाही. महाराष्ट्रात 11 हजारांवर मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि तिथले कर्मचारी तुटपुंज्या पगारासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करताहेत. त्यांना कार्डावर उघडणारी दारं सुचवणं ही थट्टा होईल. पण ताईचं ग्रंथालय आठला बंद होतं आणि ती घरी पोचते साडेआठला. आठवड्यातून एक दिवस ते साडेनऊपर्यंत उघडं ठेवावं, त्या तासांचे पैसे देऊन, आणि दारापाशी शंभर पानांच्या आतली पुस्तकं मांडावीत, एवढ्या मागणीसाठी भांडायला मी तयार आहे. पाटी मात्र 'नवसाक्षरांसाठी' अशी नको. ताई तिकडे फिरकणार नाही; मीही फिरकलो नसतो.

मामाला हे फोनवर सांगितलं. म्हणाला, 'म्हणजे आता पातळ पुस्तकं वाचायची?' हो म्हटलं.

जाड कादंबरी अजून उशाशीच आहे. तिच्यातलं तिकीट काढून घेतलंय. ते सध्या दुसऱ्या एका पातळ पुस्तकात आहे, पान 31 वर.