एकाच बीटवर वीस वर्षं

२० नोव्हेंबर १९९० ची ती क्लिप मी कितीदा पाहिली असेल, मोजदाद नाही. पॅरिसमधल्या ब्रिटिश दूतावासाबाहेर बीबीसीचे जॉन सार्जंट लाइव्ह उभे आहेत. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीतल्या पहिल्या फेरीचा निकाल नुकताच आलाय. पंतप्रधान मार्गारेट थॅचर २०४, त्यांना आव्हान देणारे मायकेल हेसेल्टाइन १५२. थॅचरना मतं जास्त पडली, पण नियमाने लागणारी आघाडी चार मतांनी हुकली. बाई आता बाहेर येतील असं वाटत नाही, असं सार्जंट सांगतायत, आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीमागे थॅचर पायऱ्या उतरायला लागतात! स्टुडिओतून पीटर सिसन्स त्यांना सावध करतात. सार्जंट गर्रकन वळतात. थॅचर यांचे प्रेस सेक्रेटरी बर्नार्ड इंगहॅम त्यांना बाजूला सारतात, माइक कुठेय यावरून क्षणभर गोंधळ उडतो. आणि मग त्याच माइकवर थॅचर जाहीर करतात, की दुसरी फेरी लढवणार. दोनच दिवसांनी त्यांनी पद सोडायचा निर्णय जाहीर केला.

लोक ही क्लिप फजिती म्हणून शेअर करतात. मला ते पटत नाही. अख्ख्या देशासमोर अंदाज चुकला, पण सार्जंटनी सारवासारवीत एक सेकंद घालवला नाही. सरळ प्रश्न टाकला. हे प्रशिक्षणात शिकवता येत नाही, ते अंगात मुरावं लागतं. सार्जंट १९७० मध्ये बीबीसीत आले, १९८१ पासून राजकीय वार्ताहर, १९८८ मध्ये मुख्य राजकीय वार्ताहर. नंतर आयटीएन या ब्रिटिश वृत्तसंस्थेचे राजकीय संपादक. आणि कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, टीव्ही कॅमेरे आले ते थेट नोव्हेंबर १९८९ मध्ये! तोवर सभागृहातलं एकही दृश्य हाताशी नसताना या लोकांनी आत काय घडलं ते बाहेर येऊन निव्वळ शब्दांत उभं केलं. कोण गप्प बसला, कोणाच्या बोलण्यावर कोणी मान खाली घातली, हे टिपायची नजर त्यातूनच तयार होते.

म्हणून माझं ठाम मत आहे, की राजकीय बातमीदाराला एका बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या एकाच विषयावर, म्हातारं होऊ द्यावं. दर सहा महिन्यांनी बीट बदलणं हा त्याच्यावर आणि प्रेक्षकांवरही अन्याय आहे. सूत्रं पदाला नाही, माणसाला फोन करतात.

मी असाईनमेंट डेस्कवर, म्हणजे बातमीदारांना कामं वाटून देणाऱ्या टेबलावर, असताना आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला राजकारणावरून काढून दुसरीकडे टाकलं. त्याच्या जागी आलेला मुलगा हुशार, मेहनती. एका रात्री सरकार डळमळलं. मुलगा बंगल्याबाहेर उभा होता, थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन लागलेली, दहा मिनिटांत लाइव्ह. मागच्या फाटकातून एक गाडी बाहेर पडली. आत कोण होतं, त्याला ओळखू येईना. त्याने त्या ज्येष्ठाला फोन लावला, गाडीचं आणि आत बसलेल्या माणसाचं वर्णन सांगितलं. ज्येष्ठाने घरबसल्या नाव सांगितलं, आणि लगेच विचारलं, "आत किती वेळ होता रे तो?"