‘चालतं हो सगळीकडे’

आज डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसलेय. लांब होईल, ज्यांना वेळ नाही त्यांनी सोडून द्या, पण ज्यांच्या घरातलं कोणी वयस्कर माणूस पहिल्यांदा परदेशी निघालंय त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा.

सकाळी आईच्या पेन्शनचं पासबुक भरायला बँकेत गेले होते. बाहेर धो धो पाऊस, आत दारापाशी छत्र्यांचं तळं, रांग पार जिन्यापर्यंत. माझ्या पुढे एक मावशी होत्या, मालवणच्या बाजारात मासे घेऊन बसतात, चेहऱ्याने ओळखते मी त्यांना. लेक दुबईला, पहिलं बाळंतपण, चतुर्थी झाली की चौथ्या दिवशी गोव्याहून विमान. जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार बाई. त्यांचा नंबर आला तेव्हा पदरातून कार्ड काढलं आणि काचेतून आत धरलं, "साहेबानू, ह्या कार्ड थंय दुबयक चलतला मा?"

तो साहेब, असेल माझ्या भाच्याएवढा, त्याने मान वर केली नाही. कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. "चालतं हो सगळीकडे. पुढचे कोण?"

झालं. दोन सेकंदांत विषय संपला. मावशी "बरां बरां" म्हणून कार्ड पुन्हा रुमालात गुंडाळून बाजूला झाल्या.

मी गप्प बसू शकले नाही. बसायचं असतं कदाचित, पण मला बाबा आठवले.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये मी आई-बाबांना थायलंडला घेऊन गेले होते, ग्रुप टूर होती. बाबांचा हट्ट, की माझ्या खर्चाचे पैसे माझ्याच कार्डावरून निघणार, तुझ्याकडून एक पैसा घेणार नाही. निघायच्या आधी ते शाखेत जाऊन विचारून आले होते. त्यांनाही हेच उत्तर मिळालं होतं. शब्दही हेच. चालतं सगळीकडे.

आणि चाललं ना कार्ड! तिथे पाच दिवसांत बाबांनी पाच वेळा पैसे काढले, दर वेळी दोन-दोन हजार बाट, बाट म्हणजे तिथलं चलन. एकदम जास्त पैसे खिशात ठेवायचे नाहीत ही त्यांची आयुष्यभराची सवय, गर्दीच्या गाडीत काम केलेला माणूस. आता तिथली मशीनं परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट कापायची. दोन हजार काढा नाहीतर वीस हजार काढा, २२० म्हणजे २२०. पाच वेळचे झाले ११०० बाट, तेव्हाच्या भावाने अडीच हजार रुपयांच्या वर. मग आपल्या बँकेचे वेगळे, दर वेळी १२५ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४७ रुपये ५० पैसे, गुणिले पाच. आणि तिसरं सगळ्यात वाईट. मशीन पैसे देण्याआधी स्क्रीनवर विचारतं, की आम्ही आत्ताच रुपयांत हिशोब करून देऊ का, आणि खाली रुपयांचा आकडा दाखवतं. बाबांनी पाचही वेळा हो दाबलं. का नाही दाबणार? अख्खा स्क्रीन इंग्रजीत, त्यात आपले रुपये दिसले, माणसाला धीर आला. पण तो भाव त्या मशीनवाल्यांचा असतो, त्यांना हवा तसा लावलेला. बाहेर सव्वादोन-अडीच रुपयांच्या मधे कुठेतरी बाट होता आणि आम्हाला त्यांनी पार अडीचला नेऊन लावला.

परत आल्यावर बाबा पासबुक भरून आले आणि पडवीत बाकावर बसून हिशोब करत राहिले. जुनी डायरी, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, एसटीत तिकिटांच्या हिशोबाचं वे-बिल भरायचे तसंच. दोनदा बेरीज केली. मग मला हाक मारून म्हणाले, "बाय, ह्या बघ गो, माजा खंयतरी चुकता." पावणेपाच हजाराच्या आसपास कमी येत होते. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण आपलंच चुकलं असेल असं त्यांना वाटलं हे मला आजही सहन होत नाही.

तुम्ही म्हणाल पावणेपाच हजार म्हणजे काय मोठी रक्कम. टूरच्या खर्चात नाहीच मोठी, मान्य. पण हा माणूस असा होता की गाडीत सुट्टे नसले तर तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचा, आठ आणे असले तरी, आणि उतरताना ते देईपर्यंत घंटी मारायचा नाही. डेपोत कॅश कमी भरली तर खिशातले घालायचा. एकदा कणकवलीला उतरलेल्या एका म्हातारीचे तीन रुपये द्यायचे राहिले तर आठवडाभर त्याच फेरीला तिची वाट बघत होता! त्या माणसाला कुणी एक कागद दिला नाही, की तिथे तुझे एवढे-एवढे कापले जातील. तीन ठिकाणी कापले आणि तिन्ही ठिकाणच्यांनी आधी तोंड उघडलं नाही.

राग ह्याचा आहे. बँकेला खर्च येतो, फुकट सेवा कशी देणार, हे मला कळतं. पैसे घ्या, पण सांगून घ्या, आणि मराठीत सांगा, काचेच्या अलीकडे उभ्या माणसाला कळेल असं.

"सगळं वेबसाइटवर असतं." हो असतं, नाकारत नाही. इंग्रजीत, चाळीस पानी पीडीएफमध्ये. मावशींनी मासे विकायचे सोडून ती वाचायची?

आजची गोष्ट तर बाबांच्याहून वाईट आहे. मावशींचं कार्ड दोन वर्षांपूर्वीचं. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की नवीन कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त भारतातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालू असतं. परदेशातला वापर खातेदाराने स्वतः सांगून, नाहीतर ॲपमध्ये जाऊन चालू करून घ्यायचा. नियम चांगलाच आहे, चोरी टाळायला केलाय. पण मग ‘चालतं सगळीकडे’ हे त्याने कुठल्या आधारावर सांगितलं? मावशींचा फोन बटणांचा, ॲप कुठून आणणार? ही बाई दुबईत मशीनसमोर उभी राहिली असती, कार्ड आत-बाहेर करत, मागे माणसं खोळंबलेली, आणि तिलाही वाटलं असतं माझंच काहीतरी चुकतंय. माझ्या बाबांसारखं.

मी त्या मुलाला विचारलं, तुम्ही कार्ड चेक केलंत का? तर म्हणाला मॅडम रांग बघा. रांग दिसत होती मला. शाखेत तीन माणसं, त्यात एक रजेवर, त्याचाही दिवस वाईट चालला असेल, आता घरी बसून लिहिताना हे जाणवतंय. तेव्हा नाही जाणवलं, तेव्हा मी जोरात बोलले. मग आतल्या मॅडम बाहेर आल्या, त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाल्या की हे कार्ड परदेशात चालणाऱ्यातलं नाहीच, दुसरं मागवावं लागेल, फॉर्म भरा. बघा! नुसतं चालू करायचंही नव्हतं, कार्डच वेगळं हवं होतं. चतुर्थीनंतर चार दिवसांनी विमान आणि बाई निश्चिंत घरी निघाली होती.

मग मावशी आणि मी बँकेतल्या बाकावर बसलो आणि मी पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीमागे त्यांना लिहून दिलं. मोठ्या अक्षरात. लेकीलाही दाखवा म्हटलं. तेच इथे लिहिते.

नवीन कार्ड आलं की परदेशातला वापर चालू केलाय ना हे काउंटरवर समोर बसून करून घ्यायचं, ‘होईल’ म्हटलं तर उठायचं नाही. किती कापणार ते तीन वेगवेगळे प्रश्न करून विचारायचं, एकदा काढल्याचे किती, चलन बदलण्याचे टक्के किती (साडेतीन टक्क्यांपर्यंतसुद्धा असतात आणि त्यावर जीएसटी), आणि नुसतं बॅलन्स बघितलं तर किती, कारण त्याचेही कापतात, आणि आपली माणसं दर वेळी आधी बॅलन्स बघतात. तिथे काढायचे तर थोडे-थोडे नाही, एकदम काढायचे आणि लेकीच्या कपाटात ठेवायचे. जावयाच्या क्रेडिट कार्डावर रोख काढायची नाही, त्याला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, बिलाच्या तारखेपर्यंतची सूट रोख पैशाला नसते. आणि मशीनवर रुपये दिसले की नको म्हणायचं. तिथले दिरहमच हवेत, रुपयांचा हिशोब आपली बँक करेल.

मावशींनी मधेच विचारलं, नोटा घेऊन गेले तर? जाता येतं, भारतीय नोटा २५ हजार रुपयांपर्यंत नेता येतात, आणि दुबईत आपले रुपये बदलून देणारी दुकानं आहेत, पण भाव विचारून. इथून दिरहम घ्यायचे तर आमच्या शाखेत मिळत नाहीत, पणजी नाहीतर कोल्हापूर गाठा. एअरपोर्टवरच्या काउंटरला फक्त टॅक्सीपुरते, तिथला भाव कधीच चांगला नसतो. एवढं सगळं सांगायला मला वीस मिनिटं लागली. रांगेत दोघं जण वाकून ऐकत होते, एकाचा मुलगा बोटीवर आहे, त्याने फोनमध्ये फोटो काढून घेतला स्लिपचा.

भाऊ म्हणतो तू उगाच त्रास करून घेतेस, आता युपीआय तिकडेही चालतं. चालतं, दुबईत काही दुकानांत चालतं हे खरंय. पण भावा, बटणांच्या फोनवर? आणि रात्री अपरात्री हॉस्पिटलमधून टॅक्सी करायची वेळ आली तर?

तुमच्यातले कितीतरी जण आखातात आहात. मस्कत, दोहा, कुवेत, दुबई. अर्धं कोकण तुमच्या पाठवलेल्या पैशावर उभं आहे, घरांचे चिरे तुमच्या पगारातून आलेत. तुम्हाला हे सगळं तोंडपाठ आहे, पण आई-वडलांना बोलावताना तिकीट पाठवता, व्हिसा पाठवता, आणि हे सांगायचं राहून जातं. ‘इथे आल्यावर मी बघतो’ म्हणता. तुम्ही प्रेमाने म्हणता, मला माहितीये. पण ह्या पिढीला तुमच्याकडे हात पसरायचा नसतो हो. बाबांना मी शंभरदा म्हटलं होतं माझ्याकडून घ्या. त्यांना बाजारात आईसाठी रेशमाचा स्कार्फ स्वतःच्या पैशाने घ्यायचा होता. तो घेतला त्यांनी. आई तो अजून वापरते, आज बँकेत जातानासुद्धा पाऊस लागेल म्हणून मला तोच डोक्याला बांधायला दिला.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. मघाशी ती डायरी काढली. थायलंडच्या पानावर बेरजेखाली त्यांनी पेन्सिलने लिहिलंय, ‘फरक ४,७६०, तपासणे’. तपासून द्यायला कुणी भेटलं नाही त्यांना. मीही तेव्हा ‘जाऊ द्या बाबा’ म्हणाले होते.

आत्ता जेवताना मावशींचा फोन आला. लेकीकडून नंबर घेतला म्हणे माझा, तिची नि माझी शाळेतली ओळख निघाली. विचारत होत्या, "बाय, ता नको म्हणूचा बटण खंयच्या बाजूक असता गो?" म्हटलं मावशी, प्रत्येक मशीनला वेगळीकडे असतं, बाजू लक्षात ठेवू नका, घाई करू नका, लेकीला बाजूला उभं करा आणि रुपये लिहिलेलं बटण सोडून दुसरं दाबा.

उद्या साडेदहाला आम्ही दोघी पुन्हा बँकेत जातोय, कार्डाचा फॉर्म द्यायला. पोच लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही.