काकांचं टायमिंग

रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी माझ्या जुन्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाला, हात लावला. अजून डोकं ठिकाणावर आलेलं नाही.

इंजिनाची रामकहाणी थोडक्यात. प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, जन्म कुर्ल्याचा. ब्लॉक बोर केला, ओव्हरसाइज पिस्टन घातले. लेथवाल्याकडून हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या) बसवून घेतल्या, कारण शिसं घातलेलं पेट्रोल २००० सालीच बंद झालं आणि जुन्या सीट त्या शिशाच्याच भरवशावर होत्या. आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल. नव्या गाडीत कॉम्प्युटर ते निस्तरतो, माझ्या कार्बोरेटरला काय कप्पाळ कळतंय? मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून पेट्रोल सोडणारा मेन जेट एक नंबर मोठा घातला. फुगणारे रबरी पाइपही बदलले. खर्च बायकोला सांगितलेला नाही, इथेही सांगणार नाही.

उरलं होतं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते. डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून ते जुळवायचं. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल, टायमिंग लाइट हातात, आयडलिंग असं की एअर फिल्टरवर ठेवलेल्या चहावर साय धरली होती. तेवढ्यात काका आले. हाफपँट, कानटोपी, हातात दुधाची पिशवी.

"मिसिंग मारतेय." म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाहीये.

"नाही काका."

"मारतेय. अठ्ठ्याहत्तर साली माझ्याकडे होती. मला शिकवतोस?"

दुधाची पिशवी बॅटरीवर ठेवून, डोळे मिटून, वैद्याने नाडी बघावी तसा त्यांनी इंजिनाकडे हात नेला. "एक-तीन-चार-दोन," असं पुटपुटले. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, बरोबर होती, हेच वाईट. ज्याला काहीच येत नाही त्याला हाकलता येतं. ज्याला नेमकं तेवढंच येतं त्याचं काय करायचं?

"तीन नंबर झोपलाय."

"काका, बोल्ट ढिला आहे, हात नका..."

फिरवला. चांगला बोटभर. इंजिन फटफटलं, थडथडलं, चहा माझ्या पायावर आला आणि सगळं बंद.

"बघ!" काका म्हणाले. "म्हटलं नव्हतं, मिसिंग मारतेय?"

वॉचमनने मान डोलावली. त्याचा पगार आमच्या मेंटेनन्समधून जातो.

पार्ल्यात जुनी गाडी म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. २०२३ च्या ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या तेव्हा 'आमचं बालपण गेलं' म्हणून सगळ्यांनी फेसबुकवर रडून घेतलं. तीच मंडळी सिग्नल हिरवा व्हायच्या आत माझ्या मागे हॉर्न बडवतात, "भंगारात घाल" म्हणतात, आणि पुढच्या सिग्नलला काच खाली करून विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" बाकी प्रेम फार.

टायमिंग पुन्हा केलं. काकांची खूण पुसली गेली असं वाटलं, पण हायवेच्या पुलावर चढताना थोडं नॉकिंग, म्हणजे इंजिनाची टकटक, ऐकू आलं. परत उतरवलं, परत लाइट लावला, परत बोल्ट आवळला. या वेळी कंपाउंडचं गेट लावून.

संध्याकाळी लिफ्टमध्ये काका चौथ्या मजल्याला सांगत होते, "टायमिंग मीच करून दिलं. पोराला जमत नव्हतं."

पोरगा! मला चाळिशीचा चष्मा आहे.

आता त्यांच्या भाचीच्या लग्नात फोटोला गाडी हवी आहे. फुलं त्यांची, पेट्रोल माझं. चालवणार कोण, म्हणून विचारलं.

"मीच. स्टिअरिंगजवळचा हँडगिअर तुम्हाला कुठे येतो रे? तू मागे बस."