वॉकर, चटका आणि साडेचारशे चौरस फूट : एका प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार.

रांगत्या बाळाला घरात मोकळं फिरू द्यावं, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. साडेचारशे चौरस फुटांच्या घरात मोकळं काय सोडणार? वॉकरमध्ये बसवलं की आईची कामं उरकतात आणि मूल लवकर चालतं. नातवासाठी तुम्ही तो घेणारच आहात. आणि एकदा चटका बसला की मूल आपसूक शहाणं होतं. बाकी सगळे ‘बंगलेवाल्यांचे चोचले’. ठीक आहे, क्रमाने बघू, पण वॉकर आधी, कारण तो अजून विकत घ्यायचा आहे.

वॉकरमध्ये बाळ झोळीत लटकतं आणि चवड्यांनी जमीन रेटतं. चालायला लागतो तो तोल, धरून उभं राहणं, धप्पकन बसणं, पुन्हा उठणं. यातलं काहीच तिथे होत नाही. शिवाय समोरच्या ट्रेमुळे त्याला स्वतःचे पायही दिसत नाहीत. त्यामुळे चालणं लवकर तर येत नाहीच, उलट लांबू शकतं. अपघाताचं म्हणाल तर चाकांवरचं बाळ सेकंदात मीटरभर पुढे जातं. मोठ्या घरात निदान मागे धावायला जागा असते. तुमच्याकडे हॉलमधून गॅसपर्यंत तीन-चार मीटर. मध्ये उंबरा असेल तर चाक अडकून वॉकर तोंडावर उलटतो. नुसतं रांगणारं सात-आठ महिन्यांचं बाळ टीपॉयवरच्या चहापर्यंत सहसा पोचत नाही, वॉकरमधलं पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर सरसकट बंदी घातली, जुना विकण्यावरसुद्धा.

घ्यायचाच असेल तर आपला लाकडी पांगुळगाडा घ्या, पण बाळ धरून स्वतःहून उभं राहायला लागल्यावर. त्यात वजन बाळाच्याच पायांवर असतं. गुळगुळीत फरशीवर तो पुढे पळतो आणि बाळ मागे आपटतं, म्हणून चाकांवर सुती कापडाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळा किंवा सतरंजीवर चालवू द्या. आणि सोबत कोणीतरी हवंच.

आता चटका. तुमच्या मनात बहुधा बोटाला बसलेला हलका चटका आहे. घरात खरं घडतं ते असं : बाळ कपाचा कान किंवा टेबलक्लॉथ ओढतं आणि चहा हनुवटी, मान, छातीवर सांडतो. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची त्वचा पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं. बाळाची त्वचा पातळ, तिला त्याहून कमी वेळ पुरतो, आणि नुकता ओतलेला चहा साठ अंशांच्या बराच वर असतो. तसं झालंच तर कपडे पटकन काढून (चिकटले असतील तर न ओढता) तो भाग वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. मग दवाखाना.

सव्वा वर्षाच्या मुलाला ‘नाही’ कळतं. तरीही ते तुमच्याकडे बघत, हसत हात पुढे नेतं. तो हट्ट नव्हे. निघालेला हात आवरणं त्या वयात जमत नाही, ते तिसऱ्या वर्षाच्या आसपास हळूहळू यायला लागतं. ‘नाही’ जरूर शिकवा, पण त्याच्या भरवशावर गरम भांडं कडेला ठेवू नका. आणि दिवसभरात पन्नास वेळा ‘नाही’ ऐकलेलं मूल एक्कावन्नाव्याला ढिम्म हलत नाही. म्हणून धोक्याच्या वस्तू वर चढवायच्या. उरलेल्या मोजक्या ‘नाहीं’ना वजन येतं.

छोट्या घराचा आक्षेप खरा आहे, पण छोटं घर बाळायोग्य करायला सोपं असतं. ओटा साधारण ८५ सेंमी उंच. दीड वर्षाचं मूल ऐंशीच्या आसपास, आणि हात वर केले की मीटरभर. म्हणजे ओट्याची पुढची वीतभर कड त्याचीच समजा. कढई मागच्या बर्नरवर, दांडे भिंतीकडे, मिक्सरची वायर लोंबती नको, बाळ कडेवर असताना आमटी उतरवायची नाही. तळण चालू असेल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं त्याला कठडा असलेल्या पाळण्यात ठेवलं तर काही बिघडत नाही. कामं उरकायला आईचे हात मोकळे हवेत, हे तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. अख्खी सकाळ मात्र नको.

गॅस बंद असताना त्याच स्वयंपाकघरात त्याचा एक कोपरा करा. ट्रॉलीच्या तारांच्या कडांमध्ये बोटं चेमटतात, म्हणून जमिनीवर एक उथळ टोपली ठेवा : एकात एक बसणाऱ्या तीन स्टीलच्या वाट्या, डबा आणि त्याचं सैल झाकण, लाटणं, डाव, पिठाची चाळणी. सात-आठ वस्तू पुरेत. जास्त दिल्या की मूल सगळं उपडं करून निघून जातं. दर आठवड्याला दोन बदला. बारीक वस्तूंसाठी टॉयलेट पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी हे माप : त्यातून जे आत जातं ते बाळाच्या हाती नाही. अख्खे शेंगदाणे-फुटाणे चार वर्षांपर्यंत नकोतच, ते श्वासनळीत जातात. रिमोटमधली चपटी बटणासारखी बॅटरी सर्वांत वाईट. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठा.

तुमच्या प्रतिक्रियेत पाण्याचा उल्लेखच नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. पाणी ठरावीक वेळेला येतं म्हणून आपण बादल्या भरून ठेवतो. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड. वाकलं की ते डोक्यावर आत जातं आणि भरलेली बादली कलंडतही नाही. आवाज होत नाही. पाच सेंमी पाणीसुद्धा बुडायला पुरतं, त्यामुळे ‘अर्धीच भरली आहे’ याला अर्थ नाही. बाथरूमला बाहेरून पाच फुटांवर कडी लावा, पिंपाला घट्ट झाकण, आंघोळीचा टब लगेच पालथा. आतली खालची कडी काढून टाका, नाहीतर मूल स्वतःला कोंडून घेतं.

देवघरातला कापूर बाळाच्या हाताबाहेर ठेवा. थोडा पोटात गेला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. डांबर गोळ्या आणि शीतपेयाच्या बाटलीत ओतलेलं फिनेल हेही असंच हाताबाहेर ठेवा. यातलं काही पोटात गेलंच तर उलटी करवू नका, पाकीट सोबत घ्या, १०८ ला फोन करा.

राहिला दिवाण. त्यावर चढणं थांबवता येणार नाही, उतरणं शिकवता येतं. काठाजवळ पोटावर वळवा, पाय बाहेर सोडा, फरशी लागेपर्यंत घसरू द्या. रोज चार-पाचदा केलं तर बाळ काही दिवसांत स्वतःच वळायला लागतं. तो दिवाण खिडकीखाली असेल तर मात्र हलवा. ग्रिलच्या दोन गजांमधलं अंतर १० सेंमीहून जास्त असेल तर मध्ये उभे गज वाढवून घ्या. उभे गज वाढवून घ्या. मच्छरदाणीच्या जाळीवर विसंबू नका, ती बाळाचं वजन पेलत नाही.

बाथरूमची कडी आणि खिडकी या रविवारी होतील. टोपली आजच.