वल्ही मात्र मोफत हं!

इंजिनाचे पैसे वेगळे! यॉटचं नाही, तिच्या मागे बांधलेल्या रबरी होडीचं इंजिन. आम्ही घरचे सात जण क्रोएशियात आठवडाभर यॉट भाड्याने घेऊन फिरणार आहोत, त्याचं आज दुपारी तिथल्या स्प्लिट शहरातल्या चार्टरवाल्यांचं, म्हणजे यॉट भाड्याने देणाऱ्यांचं, फायनल कोटेशन आलं आणि तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'आउटबोर्ड इंजिन, ऐच्छिक', पुढे युरोचा आकडा. ऐच्छिक? बोट खाडीत नांगर टाकून उभी राहणार, हॉटेल समोरच्या किनाऱ्यावर, मग आमच्या सासूबाईंनी जेवायला जायचं कसं? पोहत? तसं विचारलं तर उत्तर आलं की होडीसोबत वल्ही मोफत आहेत. केवढं ते औदार्य! वर एक हसरी स्मायली. इंजिनाचे पैसे देईन हो मी, पण त्या स्मायलीने टाळकं सटकलंय.

तरी बरं, त्याआधीची यादी मी दात-ओठ खात पचवली होती. चादरी-टॉवेल, शेवटची साफसफाई, गॅस, सगळं 'चार्टर पॅक' म्हणून सक्तीचं. पर्यटक कर माणशी, रोजचा. डिझेल आपलं. मरीनात, म्हणजे बोटींच्या धक्क्याला, रात्र काढली की त्याचं भाडं आपलं. कोर्नाती बेटांच्या राष्ट्रीय उद्यानात शिरलात की तिकीट आपलं. डिपॉझिटचे दोन-तीन हजार युरो कार्डावर अडकवायचे, नाहीतर परत न मिळणारा विमा घ्यायचा. लग्नाच्या हॉलवाले लाइट, जनरेटर, भांडी असं एकेक नंतर काढतात ना, तेच हे. फक्त हॉलचा मॅनेजर निदान स्मायली पाठवत नाही.

आणि तो स्किपर, म्हणजे बोट चालवणारा! आमच्यात कुणाकडे बोटीचं लायसन नाही (दिराने गाडीचं चालेल का, असं खरंच विचारलं), म्हणून स्किपर घेणं आलं. त्याची रोजची फी, त्याचं जेवण आणि शिवाय त्याला स्वतंत्र केबिन. चार केबिनच्या बोटीत एक त्याची, उरलेल्या तिनात आम्ही सात. जाहिरातीत '८+२ जण' लिहिलंय, त्यातले ते दोन म्हणजे जेवणाचं टेबल खाली पाडून त्यावर टाकलेली गादी. दिराला टेबलावर झोपवू म्हटलं तर जाऊबाई रुसल्या. स्किपरला पिठलं-भात चालेल का, हे विचारायचं अजून बाकीच आहे.

पुन्हा सगळं शनिवार ते शनिवारच. मधल्या वारी चढायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी बोट चार्टरवाल्यांच्या धक्क्यावर परत, शनिवारी सकाळी नऊला बोचक्यांसकट बोटीतून खाली. म्हणजे आठवडा मोजायचा त्यांनी आणि फिरायचं आम्ही जेमतेम सहा दिवस.

व्हिसाचं तर बोलूच नका. २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत, फी माणशी ९० युरो, व्हिसा केंद्राचे पैसे वेगळे. राहण्याचं बुकिंग दाखवल्याशिवाय अर्ज नाही, अर्धे पैसे भरल्याशिवाय बुकिंग नाही, आणि व्हिसा नाकारला तर ते अर्धे पैसे चार्टरवाल्याच्या खिशात. अपॉइंटमेंटचे स्लॉट कधी उघडतात ते देवाला ठाऊक. एजंटचं एकच पालुपद, "मॅडम, टेन्शन नका घेऊ." तू घे मग! तुझे कुठे अडकलेत पैसे?

फॅमिली ग्रुपवर काकांचं रोजचं, "एवढं लांब कशाला? तारकर्ली काय वाईट आहे?" काका, तारकर्ली उत्तम आहे. तुम्ही कधी गेलात?

आणि हा एवढा आटापिटा करतंय कोण, तर मी. गेटवेवरून मांडव्याला जाताना ताजचा घुमट दिसेनासा व्हायच्या आत जिच्या तोंडाशी पिशवी असते ती. तिकडे युगो नावाचा वारा सुटला की समुद्र कसा खवळतो, याचे व्हिडिओ मी रात्री-अपरात्री बघते आणि अंथरुणातच मळमळायला लागतं. नवऱ्याने शांतपणे विचारलं, "मग जायचंय कशाला?" त्याच्याशी मी सध्या बोलत नाहीये.

घरात निर्धास्त फक्त सासूबाई. बोटीच्या संडासात कागद टाकायचा नाही, टाकला तर तुंबतो आणि पंप मोकळा करायचे पैसे लागतात, हा नियम मी सगळ्यांना दरडावून वाचून दाखवला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आपल्यात कोण टाकतं गं? तांब्या घे म्हणजे झालं."