खुलासा: .२५-०६ रायफलीसाठी सर्वांत जड गोळीच उत्तम, हे सरसकट खरं नाही

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी नवी .२५-०६ रेमिंग्टन घेणाऱ्यांना सध्या एक सल्ला सर्रास मिळतो: घरी काडतुसं भरताना १३० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं एकक) पुढची जड, म्हणून लांब गोळीच घ्या. रेमिंग्टन कंपनीनं १९६९ साली बाजारात आणलेल्या या काडतुसाच्या बहुतेक रायफलींत नळीतले गोळीला फिरकी देणारे पेच १० इंचांत एक फेरा घेतात. एवढ्या कमी फिरकीवर ती लांबलचक गोळी स्थिर राहीलच असं नाही. निशाण्याच्या कागदावर गोल भोकाऐवजी लांबट चीर दिसली, की गोळी आडवी लागली असं समजा. अशा गोळीनं हरीण जखमी होऊन पळतं, आणि ते अक्षम्य आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला १०० ते १२० ग्रेन पुरतात. काडतुसातल्या बंदुकीच्या दारूचं माप मात्र काडतुसं भरण्याच्या छापील पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यापासूनच घ्या. मित्राच्या रायफलीचं कमाल माप उचलू नका.