शटर कोणी ओढायचं?

गेल्या वर्षीची चवथ, म्हणजे आमची गणेश चतुर्थी. मी पोर्तुगालात लिस्बनला काम करते, तिथे दुपारचे तीन वाजलेले, माझी रोजची टीम मीटिंग, आणि गोव्यातल्या पर्वरीच्या ऑफिसातला आमचा एक मुलगा कॉलवर आला तेव्हा मागे घुमट, आरतीचं ते मातीचं वाद्य, वाजत होतं. घरी आरती चाललेली आणि हा लॅपटॉप घेऊन बाहेर सोप्यावर बसलेला. मी म्हटलं, अरे आज सुट्टी ना तुझी? तर म्हणाला, "मॅडम, कॅलेंडरवर मीटिंग दिसली, म्हटलं दहा मिनिटं येऊन जातो."

मी त्याला बोलावलं नव्हतं, पण चवथ आहे हे माहीत असून मीटिंग काढलीही नव्हती. मी स्वतः गोव्याच्याच माशेलची, घरच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीला, कांगलां ही रानफळं कुठे बांधायची हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन, आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही. ते अजून मनात सलतंय म्हणून हे लिहितेय.

तीन वाजताची वेळ मीच ठरवली होती. सकाळ शांत मिळावी म्हणून, आणि मीटिंग संपवून साडेपाचला लेकीला शाळेतून आणता यावं म्हणून. सगळे मला म्हणायचे, तू काम आणि घर किती छान सांभाळतेस. पण लिस्बनचे तीन म्हणजे उन्हाळ्यात गोव्याचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ, म्हणजे माझी संध्याकाळ मोकळी राहत होती ती तिकडच्या सात जणांच्या दिवेलागणीतून, आणि हा हिशेब मी तीन वर्षं कधी मांडलाच नव्हता.

किती तास काम करायचं हा वाद भारतात जोरात आहे, मी इथून सगळं वाचते. २०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्ती तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं म्हणाले, मग २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या चेअरमननी ९० तासांची आणि रविवारची गोष्ट काढली, बायकोकडे किती वेळ बघत बसणार वगैरे. त्यावर लोक भांडले, पण सगळं भांडण तासांवरच झालं. आमच्या गोव्यात तर पुढाऱ्याचं मापच वेगळं आहे. मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी जानेवारी २०१९ ला आजारपणात नाकात नळी असताना विधानसभेत बजेट मांडलं आणि पुढे दीड-दोन महिन्यांत ते गेले. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण ते चित्र आठवून कोणी मॅनेजर आपल्या टीमला "बघा, काम असं करतात" म्हणत असेल तर ते चूक आहे, कारण तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, दुसऱ्याकडून मागायची गोष्ट नव्हती.

डिसेंबर २०२५ ला सुप्रिया सुळेंनी लोकसभेत ऑफिसनंतरचे फोन, ईमेल टाळायचा हक्क देणारं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, मांडलं. चांगलंच केलं. स्वातंत्र्यानंतर अशी १४च खासगी विधेयकं पास झालीत आणि शेवटचं १९७० ला, त्यामुळे त्याचं पुढे काय होईल याची मला फार आशा नाही. पण समजा झालंच पास, तरी माझा प्रश्न असा की तो हक्क वापरणार कोण? प्रमोशनची वाट बघणारा, घराचं लोन डोक्यावर असलेला मुलगा साहेबाचा फोन कट करणार?

पोर्तुगालने २०२१ ला जो कायदा केला तो मला म्हणून जास्त पटतो. तेव्हा इथे पंतप्रधान आंतोनियो कॉश्ता होते, ज्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं, घरचं लाडाचं नाव 'बाबुश'. त्या कायद्यात जबाबदारी मालकावर टाकलीय. विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याशी संपर्क करायचा नाही, अगदी आणीबाणी सोडून, आणि केला तर तो गंभीर नियमभंग धरून दंड. म्हणजे खालच्याने हिंमत दाखवायची गरज नाही, वरच्यानेच हात आवरायचा. फ्रान्सने २०१७ पासून कंपन्यांना याबद्दल कामगारांशी बोलणी करायला लावली, पोर्तुगाल त्याच्या पुढे गेला असं मला वाटतं.

इथे सगळं गोड आहे असं मात्र नाही हं. २०२५ ला किमान पगार महिन्याला ८७० युरो होता आणि लिस्बनमध्ये तेवढ्यात घरभाडंसुद्धा धड निघत नाही, मग लोक दोन-दोन नोकऱ्या करतात. आमचं ऑफिस रात्री झाडायला येणारी बाई दिवसा दुसरीकडे स्वयंपाक करते. तिला या कायद्याने फारसं काही दिलेलं नाही.

आणि मी? लिस्बनच्या माणसाला सात वाजता मेसेज टाकताना माझा हात थांबायचा, पर्वरीच्या माणसाला थांबायचा नाही. एकच टीम, एकच मी.

बाबांचं फोंड्याला कापडाचं दुकान होतं. दुपारी एकला ते स्वतः शटर खाली ओढायचे, ते चारला उघडायचं. दोन्ही नोकर घरी जाऊन जेवून, आडवे होऊन यायचे आणि त्यासाठी त्यांना कधी परवानगी मागावी लागली नाही, कारण मालकच घरी गेलेला. बाहेरचे याला सुशेगाद म्हणून आळशीपणात काढतात, मला राग येतो. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत एवढाच आहे. हो, पण हेही खरं की बाबा आडवे व्हायचे तेव्हा आई मागे भांडी घासत असायची, तिचं शटर कोणी ओढलं नाही.

आता मीटिंग लिस्बनच्या सकाळी दहाला असते, म्हणजे गोव्याचे अडीच किंवा साडेतीन. माझी शांत सकाळ गेली, त्याचा त्रास होतो, खोटं कशाला बोलू. रात्री काही सुचलं तर लिहून ठेवते आणि मेसेज त्यांच्या सकाळी साडेनऊला जाईल असा लावते. या वर्षी चवथीचे पाच दिवस कॅलेंडरवरून मीच आधी काढून टाकलेत, कोणी सुट्टी मागायच्या आत. टीममधल्या पुण्याच्या दोघांनी विचारलं, आमच्याकडे तर विसर्जन दहा दिवसांनी, आमचं काय? मग त्यांच्याशी बसून त्यांचेही दिवस ठरवले.